आगबांध्याचा डावा खिसा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी बजाजनगरच्या घरात गॅसच्या शेगडीचं बटण दुरुस्त करत बसलो होतो. "सर, उभा जन्म तुम्ही जादूच्या नोकरीत काढलात. वाचकांना काहीतरी गूढ द्या," ते म्हणाले. मी म्हटलं, गूढ कुठून आणू? मस्टर होतं, त्यावर सही होती, साहेब होते, साहेबांचे मेहुणे होते. "तरी पण तुम्ही पडलात उपजत. लहानपणी पहिल्यांदा कधी जाणवलं, तिथून सुरू करा."

उपजत हा शब्द कानावर पडला की माझा डावा हात अजूनही खिशात जातो. तो का जातो, हे एकदा सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलोय. दुसरं कारण म्हणजे वैशाली साळवे नावाच्या बाईचा एक अर्ज. परवान्याला वयाची अट तिशीची आहे आणि येत्या पौषात तिला तीस पूर्ण होतात. अर्ज यंदा मंजूर झाला नाही तर पुन्हा कधी होणार नाही, आणि तो अडलाय तो माझ्यामुळं.

आधी धंदा समजावून सांगतो. मी आगबांध्या. लोकांना वाटतं हा अग्निशमन दलाचा माणूस. ते लोक आग विझवतात, आम्ही विझवत नाही, बांधतो. फोर्जिंगची भट्टी असेल, बॉयलर असेल, पाववाल्याची भट्टी असेल, जिथं आग रोज लागते आणि लागायलाच हवी, तिथं तिनं आपल्या जागेत राहावं एवढंच आमचं काम. गाय दाव्याला बांधतात, तसं. आमचं दावं म्हणजे हळदीत बुडवलेलं कच्चं सूत. ते भट्टीच्या दाराला गुंडाळायचं, टोक हातात धरायचं, उजवा तळहात आगीकडं करायचा आणि एकेका श्वासाबरोबर बांधाचे शब्द म्हणायचे. जितक्या श्वासांनी आग बांधली, तितक्याच श्वासांनी ती सुटते. एक कमी चालत नाही, एक जास्त चालत नाही. आणि सोडावी तर लागतेच, कारण बांधलेली आग नुसती चित्रासारखी उभी दिसली तरी आतल्या आत भरत राहते. पिवळं सूत तपकिरी व्हायला लागलं की वेळ झाली समजायचं. काळं पडून तुटलं, तर आत साठलेली सगळी एकदम बाहेर येते आणि सूत धरणाऱ्याला पहिलं भेटते.

आता आमच्यातला भेदभाव. उपजत म्हणजे ज्याच्या हाताला जन्मापासून गुण आहे तो. त्याला आकडा लक्षात ठेवावा लागत नाही, किती बांधली आणि किती सोडायची ते हाताला आपोआप कळतं. हे ओळखायची सरकारी परीक्षा आहे. पितळी ताटलीत कापूर पेटवतात, उमेदवारानं शेजारी तळहात धरायचा. ज्योत हाताकडं किती झुकते ते बोटांनी मोजतात. दोन बोटं झुकली की प्रवेश, चार झुकली की पेढे. झुकलीच नाही तर शून्य बोटं, म्हणजे अपात्र. शून्यवाल्यांना ही विद्या येऊ शकत नाही असं पुस्तकात छापलेलं होतं. म्हणून त्यांना शिकवत नव्हते, आणि शिकवत नव्हते म्हणून त्यांना येत नव्हती. त्यामुळं पुस्तक दरवर्षी खरं ठरायचं. एखाद्यानं तरी पाठांतर करून काही जमवलंच, तर त्याला घोटीव म्हणत. आमच्या खात्यात ही शिवी होती. दोन शिल्पनिदेशक, म्हणजे आमच्याकडचे शिकवणारे, एकदा घोटीव म्हटल्यावरून खडूचे डबे फेकून भांडले होते.

लग्नाच्या बायोडेटातसुद्धा 'मुलगा उपजत' असं उंचीच्या आधी लिहायचे. माझ्याही लिहिलं होतं. माझ्या दाखल्यावर चार बोटं आहेत.

ती चार बोटं माझ्या मामांची. आगबांध्याचा ट्रेड शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत मामा शिपाई होते, परीक्षेच्या हॉलमध्ये ताटल्या पुसायचं काम त्यांच्याकडं. हॉलला पश्चिमेकडं एक खिडकी आहे. माझा नंबर आला, मी तळहात धरला, आणि मामांनी 'लई उकडतंय साहेब' म्हणत ती खिडकी एवढीशी उघडली. ज्योत आली की माझ्या हाताकडं लोटांगण घालत! परीक्षक उभे राहिले. एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मामा दुसरी ताटली पुसत राहिले. तर वाचकहो, माझ्या लहानपणीचा चमत्कार तो एवढाच. माझा उपजत गुण म्हणजे पश्चिमेची खिडकी.

पण दाखला मिळाला म्हणून आग ऐकत नाही, तिला मराठी वाचता येत नाही. पहिल्या वर्षी वर्गातली बाकीची पोरं हात धरत होती आणि आग मुकाट बसत होती. माझ्यापुढं ती हसायची. मग मी जुन्या अभ्यासक्रमाचं पुस्तक काढलं. शब्द, श्वास, सूत, आकडे, सगळं त्यात होतं, कुणी उघडत नव्हतं इतकंच. गंगापूर तालुक्यात आमचं गाव, तिथं आईच्या चुलीवर मी तीन उन्हाळे घासले. दोनदा भुवया गेल्या. कितीदा तरी चूल बांधून ठेवली आणि आकडा विसरलो. भाकरी तव्यावर गार, आई म्हणायची, "तुह्या इद्येनं घर उपाशी ठिवलं रं बाबा." तिसऱ्या उन्हाळ्यात आग बसली. मोजून बसली, पण बसली. त्यानंतर उभ्या नोकरीत माझ्या हातून एक आग सुटली नाही. हे मी अभिमानानं सांगतो, कारण या लेखात अभिमान वाटावा असं पुढं फार काही नाही.

मोजायचं, पण दिसू द्यायचं नाही, ही अडचण होती. उजवा हात आगीकडं, सुताचं टोक त्याच हाताच्या करंगळीला. मग डावा हात पँटच्या खिशात. अंगठ्यानं चार बोटांची बारा पेरं मोजायची. बारा झाली की मूठ दाबायची आणि पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय रुबाब आहे! एक हात खिशात घालून आग बांधतो! माझे डावे खिसे वर्षाला दोनदा झिजायचे. आमच्या हिनं, म्हणजे सुनंदानं, लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात विचारलं, "उजवा कोरा अन् डाव्याला भोक, असं काय मोजता हो आत?" मी सांगितलं. तिनं आतून मांजरपाट लावून दिला आणि विषय संपला. घरात उपजत शहाणपण असणारी ती एकटीच.

पुढं मी त्याच संस्थेत शिकवायला लागलो आणि मोठी गंमत झाली. माझी पोरं डावा हात खिशात घालायला लागली. मला वाटलं नक्कल करतात, करू देत. पण चार-पाच तुकड्या बाहेर पडल्यावर ती परंपरा झाली. वाळूजपासून शेंद्र्यापर्यंत कुठल्याही कारखान्यात जा, आगबांध्या डावा हात खिशात घालूनच उभा. एका नव्या प्राचार्यांनी तर भाषणात सांगितलं की डाव्या हाताची ऊर्जा वाया जाऊ नये म्हणून आपल्या पूर्वजांनी ही पद्धत घालून दिली आहे. पूर्वज पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. कुणीही त्या खिशात मोजत नव्हतं. रिकामे हात, रिकामे खिसे. मी एकदाही सांगितलं नाही की बाबांनो, तो हात तिथं कामाला असतो.

गिऱ्हाइकांचं विचाराल तर एकेक नमुना. जुन्या शहरात एक चाचा होते, नानची भट्टी होती त्यांची. भट्टीची आग फार उसळते म्हणून बोलावलं. मी नवा होतो, पुस्तकात लिहिलं होतं त्याहून दोन श्वास जास्तच बांधली. दुसऱ्या दिवशी चाचा संस्थेच्या दारात. "मियाँ, आग को इतनी तमीज कायकू सिखाए? नान को हात लगाने से पहले इजाजत मांग री!" मग मी रोज जाऊन आदला बांध मोजून सोडत आणि एकेक श्वास कमी करून नवा बांधत राहिलो, चाचा एकेक नान मोडून बघत राहिले. आठव्या दिवशी म्हणाले, "बस, अब बदतमीज भी है और शरीफ भी." आग किती बांधावी याचा इतका चांगला धडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. आणखी एक गृहस्थ होमाच्या ज्वाळा फोटोपुरत्या उंच करून मागायला आले होते. आम्ही बांधतो, चढवत नाही, असं सांगितल्यावर म्हणाले, मग सरकार तुम्हाला पगार कशाचा देतं? शेजारच्या वर्गात पाणी बोलावण्याचा ट्रेड चालायचा आणि त्या वर्गाबाहेरचा माठ कायम कोरडा, ते बघितल्यावर त्या गृहस्थांचा प्रश्न अगदीच चुकीचा वाटत नसे.

खरे उपजत नसतातच, असं मात्र मी म्हणणार नाही. तो कडवटपणा होईल, आणि खोटंही. सचिन गोर्डे आमच्याकडं आला तेव्हा मी परीक्षक होतो. बिडकीनकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्यानं तळहात धरला आणि ज्योत वासरू गाईकडं जावं तशी गेली. मी उठून पश्चिमेची खिडकी तपासली. कडी लावलेली होती. मी परीक्षक झाल्यापासून ती खिडकी कधी उघडू दिली नाही, भर मे महिन्यातसुद्धा नाही. माझ्या काटेकोरपणाचं खात्यात फार कौतुक होतं.

सचिनचा मला हेवा वाटायचा. जे मला तीन उन्हाळे आणि दोन भुवया घालून आलं, ते तो जांभई देत करायचा. मी म्हणायचो, "सचिन, आकडा मोजत जा." तो हसायचा. "सर, हाताला कळतंय की. मोजायचं काय त्यात?" आणि डावा हात खिशात घालायचा, माझ्याकडं बघूनच. तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं. पण एकाला सांगितलं की दाखल्यापर्यंत गोष्ट जाणार. मी पुढच्या धड्याकडं वळलो.

वैशाली साळवे आली ती त्यानंतर काही वर्षांनी, लॉकडाऊन उठल्यावर. शेंद्र्याची, चोवीसेक वर्षांची, एका फोर्जिंगच्या कारखान्यात पॅकिंगला कंत्राटी. दर सहा महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा नवा बिल्ला, पुन्हा पहिला दिवस. त्याच कारखान्यात आगबांध्याची कायम जागा निघणार होती आणि तिला ती हवी होती. मी नेहमीप्रमाणे उमेदवारांना कापूर बांधून दाखवला. मग तिचा नंबर. ज्योत सरळ उभी राहिली, शाळेतल्या मॉनिटरसारखी. मी कागदावर शून्य लिहिलं, अपात्र लिहिलं, सही केली. अशा किती कागदांवर मी सह्या केल्या असतील, ते आता मोजत नाही. बाकी सगळं मोजणारा मी, पण ते नाही.

सगळे गेले, ही उभी.

"सर, एक इचारू? तुमच्या खिशात काय हालत व्हतं?"

"कुठं काय?"

"तुमी मोजत व्हता. मी बी मोजले. नऊ झाले."

नऊच झाले होते. इतक्या वर्षांत उपजतांनी, परीक्षकांनी, तीन प्राचार्यांनी जे पाहिलं नाही ते पॅकिंगच्या बाईनं पाहिलं. खोक्यात चोवीस नग जातात आणि तेवीस गेले तर बोलणी बसतात, अशा कामात राहिलेल्या माणसाला आकडा आपोआप दिसतो. मला वाटलं, आता ही काहीतरी मागणार. तिनं मागितलंच.

"मोजून येत आसंल तर मला बी शिकवा की."

रविवारी आमच्या गच्चीवर शिकवणी सुरू झाली. मी माझ्या मनाला समजावलं की तिचं तोंड बंद ठेवण्यासाठी शिकवतोय. दुसऱ्याच रविवारी ते खोटं ठरलं. शिकवायला मजा येत होती. उपजतांना शिकवणं म्हणजे माशाला पोहायला लावून बाजूला शिट्टी घेऊन उभं राहणं. हिला खरोखर शिकवावं लागत होतं. ती प्रश्न विचारायची. "सर, मधी शिंक आली तर?" शिंकेचा एक श्वास. "खोकला?" खोकल्याचा अर्धा, आणि तो सोडताना शेवटी द्यायचा. हे मला माहीत होतं, पण आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून मी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ती डावा हात खिशात घालत नव्हती. तिच्या कुडत्याला खिसाच नव्हता. छातीवर हात आडवा ठेवून, सगळ्यांना दिसेल असं पेरांवर मोजायची. वर्षभरात ती माझ्याइतकी पक्की झाली. सुनंदा म्हणाली, "आता हिचा दाखला करा." मी म्हटलं, बघू. सरकारी नोकरीत बघू म्हणजे काय ते सुनंदाला माहीत होतं. ती आत गेली.

कारखान्यातली ती कायम जागा सचिनला मिळाली. साहजिक आहे, साडेचार बोटं. वैशाली पॅकिंगलाच राहिली.

मग तो दिवस. दुपारची दुसरी पाळी नुकती सुरू झालेली. मी रिक्षानं जालना रोडवरून चाललो होतो, सिडकोच्या सिग्नलला अडकलेला, तेव्हा सचिनचा फोन आला. आवाज रडका. भट्टीची गॅसची नळी सुटली होती आणि ज्वाळा दारातून बाहेर आली होती. त्यानं घाबरून, जीव खाऊन ती बांधली. बांधली तेही अशी की कँटीनची शेगडीसुद्धा थिजली. कामगारांनी नळी पुन्हा जोडली, लोक बाहेर काढले. पण आता सोडायची कशी ते त्याच्या हाताला कळेना.

"सर, हात मुका झालाय. काहीच समजंना. सूत तपकिरी पडलं. सर, मला सोडून जाता बी येत नाय."

त्याला जाता येत नव्हतं, कारण बांधणाऱ्यानं सूत सोडलं तर ते तिथंच तुटतं. उपजत गुणाचं हे एक मी आयुष्यभर पाहिलंय, तो भीतीला भितो. घोटलेलं मात्र घाबरल्यावरही तोंडात येतं, परवचा येतो तसं.

"किती श्वास घेतलेस?" मी ओरडलो.

"मोजले नाय सर."

माझा डावा हात खिशात होता. मी त्या खिशाकडं बघत बसलो. या पोरानं माझं सगळं उचललं होतं, फक्त आतली मोजणी नाही, कारण ती मी लपवली होती. मी तिथं पोचेपर्यंत अर्धा तास, आणि सूत दहा मिनिटांचं.

तेवढ्यात फोनवर दुसरा आवाज आला, धापा टाकत. "सर, वैशाली बोलते. मी दारातच व्हते, खोके उतरवत. सव्वीस झाले. अन् मधी एकडाव खोकला त्यो. साडेसव्वीस."

"नक्की?"

"सर, मी कदी चुकले का?"

"मग सोड. सचिन, सूत धरून ठेव, तोंड उघडू नकोस. वैशाली, तू मोज. मोठ्यानं मोज."

तिनं सुरुवात केली. मी फोन कानाला लावून बसलो. पलीकडून एकेक शब्द, एकेक श्वास, मग आकडा. सिग्नल सुटला, मागच्या गाड्या बोंबलायला लागल्या. रिक्षावाल्यानं आरशात माझं तोंड बघितलं आणि रिक्षा बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. "क्या साब, किसका रिझल्ट लग रा?" मी हात वर केला. बावीसला तिचा आवाज कापला, मला वाटलं गेलं. तिनं तो श्वास पुरा केला. तेवीस. चोवीस. पंचवीस. सव्वीस. मग अर्धा. मग काहीच नाही. मग दुरून, भट्टी पुन्हा नीट लागल्यावर जो घों आवाज येतो तो आला, आणि सचिनचं रडणं. मीही रडत होतो. रिक्षावाला म्हणाला, "पास हुआ ना? फिर रोते कायकू?"

इथंच गोष्ट संपली असती तर मीही चार लोकांसारखं ऊर भरून लिहिलं असतं. पण अपघाताचा अहवाल लिहायचा असतो आणि तो लिहिणारा अधिकारी मी होतो. छापील नमुन्यात रकाना आहे, 'आग सोडवणाऱ्याचा उपजत नोंदणी क्रमांक'. नाव नाही, क्रमांक. शून्य बोटांच्या बाईला क्रमांक कुठून येणार? तिचं नाव लिहिलं असतं तर वरून विचारणा झाली असती, शून्यवालीला शिकवलं कुणी? त्यांनी? मग त्यांचा दाखला काढा बरं जरा. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती.

सचिन समोर बसला होता. "सर, तिचं नाव टाका. मी सही करतो खाली."

"नियमात बसत नाही."

"सर, मी मेलो असतो."

मी त्याचा क्रमांक लिहिला. 'श्री. गोर्डे यांनी प्रसंगावधान राखून आग यशस्वीरीत्या सोडवली.' अक्षर माझं सुरेख आहे.

सचिनला शाल आणि नारळ मिळाला. आठवड्यानं वैशाली गच्चीवर आली, पण सूत आणलं नव्हतं. कारखान्यानं तिला काढलं होतं. आग जर गोर्डेंनी सोडवली, तर पॅकिंगची बाई मनाई असलेल्या भट्टीच्या जागी काय करत होती? अनधिकृत प्रवेश. माझ्या अहवालाची प्रत जोडून पत्र दिलं होतं. तिनं ते माझ्या हातात ठेवलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सर, तुमी लिवलेलं हाय. आक्षर वळखलं मी."

मला लाज वाटली. दुसरा कुठला सभ्य शब्द शोधत नाही. लाज वाटली आणि तरीही मी पुढं तीन वर्षं गप्प बसलो. ती एका मंगल कार्यालयात चपात्या लाटायला लागली. सचिन त्या दिवसापासून उघड्या हातानं, सगळ्यांसमोर पेरं मोजतो. नवी पोरं त्याला पाठीमागं घोटीव म्हणतात. साडेचार बोटांच्या माणसाला!

माझा निरोप समारंभ संस्थेच्या त्याच हॉलमध्ये झाला. प्रथा अशी की जाणाऱ्यानं शेवटची समई बांधून दाखवायची. प्राचार्यांनी माझ्या दैवी देणगीवर वीस मिनिटं घेतली. शेवटच्या रांगेत सचिन होता, त्याच्या शेजारी वैशाली. तिला त्यानंच आणलं होतं. मी समईपुढं उभा राहिलो, सुताचं टोक करंगळीला घेतलं, आणि डावा हात बाहेर काढला. वर धरला. "मी उपजत नाही," मी म्हटलं, "मी घोटीव आहे. मोजतो. बघा." आणि पेरांवर अंगठा ठेवून मोठ्यानं मोजत समई बांधली, मोजत सोडली.

मग कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि टाळ्यांचा कडकडाट. आभार मानताना प्राचार्य गहिवरून म्हणाले, "चार बोटांचा माणूस स्वतःला घोटीव म्हणवून घेतो, याला म्हणतात विनय!" खोटं बोललो तेव्हा एका झटक्यात खरं मानलं, खरं बोललो तर विनोदी स्वभाव. आमच्या खात्याचा हा गुण मात्र खरोखर उपजत आहे.

जिन्यात वैशाली भेटली. "सर, हे नाय पटायचं त्यास्नी. लेखी द्या."

नियमांत एक कलम आहे, जुनं, कुणी न वापरलेलं. कापराच्या परीक्षेत शून्य आलेल्यानं आग सोडवल्याचं संबंधित अहवालात नोंदलेलं असेल, तर त्याला परवाना देता येतो. सचिननं साक्ष लिहून दिली आहे. पण अहवालाची दुरुस्ती तो लिहिणाऱ्यानंच द्यायची असते. मी दिली, दोनदा. पहिली गहाळ झाली. दुसरीवर 'सरांनी भावनेच्या भरात लिहिलेले दिसते, फाईल करावे' असा शेरा आला. छापलेलं पान गहाळ करणं जरा अवघड असतं आणि त्यावर शेरा मारायलाही जागा कमी, म्हणून संपादकांना मी हो म्हटलं. त्यांना गूढ हवं होतं, त्यांची माफी मागतो.

तर ही दुरुस्ती. त्या दुपारी शेंद्र्याच्या कारखान्यातली आग श्रीमती वैशाली साळवे यांनी साडेसव्वीस श्वासांत सोडवली. श्री. गोर्डे यांनी सूत धरलं होतं. मी रिक्षात होतो. माझ्या दाखल्यावरची चार बोटं खोटी आहेत. त्याबद्दल माझी जी चौकशी करायची ती करा, सुनंदानं तिची तयारी माझ्या आधी केली आहे. पण ती पौषानंतर केलीत तरी चालेल, वैशालीचा अर्ज आधी घ्या. या पानाची झेरॉक्स तिनं अर्जाला जोडली आहे.

कुणाला अजूनही हा विनयच वाटत असेल, तर मला हॉलमध्ये बोलवा. ताटली आणि कापूर मी घेऊन येतो. तुम्ही फक्त पश्चिमेची खिडकी बंद ठेवा.